बिघडलेलं असेल तरच दाखवा

...आणि वर तो मलाच म्हणतो, ‘वहिनी, बटणाला हात लावायचा तर आधी हात धुऊन या!’ मला! अहो, ज्या बटणाबद्दल हा माणूस बोलतोय त्या बटणावर मळाचा असा थर, की नखानं खरवडलं तर आतून दुसऱ्याच रंगाचं बटण निघेल! मशीनवर धूळ अशी, की मेथी पेरली तर उगवेल! कोपऱ्यात चहाचा पेला, पेल्यात हिरवी लव, आणि भिंतीपासून छतापर्यंत जळमटं... एकेक जळमट इतकं दणकट की त्यावर ओले टॉवेल वाळत घालावेत! आणि हात कुणी धुवायचे? मी! जी मी पोरीला उचलायच्या आधी कोपरापर्यंत साबण लावते, ती मी! शी शी शी! म्हटलं, उठावं आणि चालू लागावं. पण चालू लागून जाणार कुठं? देश एवढासा!

थांबा, पहिल्यापासून सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई तान्ही पोर कडेवर घेऊन लोकांच्या जुन्या मशीनी हुंगत का फिरतेय, हिला घरी काही काम नाही का?

तर आमच्या ह्यांना गाण्याचं वेड. गाण्याचं म्हणजे... गाणं ऐकतच नाहीत हो! मशीन ऐकतात! एकाच गाण्याचा एवढासा तुकडा घ्यायचा, तोच पुन्हा पुन्हा लावायचा, आणि डोळे मिटून मला विचारायचं, ‘अगं, ऐकलंस? मागचा तबला बाहेर आला!’ मी स्वयंपाकघरातून म्हणणार, ‘येऊ दे, त्यालाही दोन पोळ्या लाटते.’ तर ह्यांच्याकडं एक जुना अँप्लिफायर होता. म्हणजे आवाज मोठा करायचं यंत्र, मी त्याला पेटाड म्हणायचे. लोखंडी, काळं, उचललं तर कंबर धरणारं. आणि ते चालू केलं की गाण्याच्या आधी, गाण्याच्या मधे, गाणं संपल्यावरसुद्धा... घूंऽऽऽऽ! सारखं घूंऽऽऽऽ! ह्यांना त्याची भयंकर लाज. पाहुणे आले की पेटाडावर चादर टाकायचे, जशी काही चादरीखालून घूं ऐकूच येणार नाही.

मग आमची ठकी झाली. आणि तुम्हाला सांगते, त्या पोरीला दवाखान्यातून घरी आणलं, ह्यांनी पेटाड चालू केलं, आणि पोर जी झोपली... जी झोपली... मी घाबरून तिला हलवून उठवलं! इतकी गाढ! त्या दिवसापासून आमचं ठरलं. गाणं नको, अंगाई नको, पाळणा नको. पेटाडाचं बटण दाबायचं, घूंऽऽऽऽ, की ठकी गपगार. वजन वाढतंय, गाल भरतायत, डॉक्टरीणबाई म्हणतायत, ‘छान हो छान!’ मला वाटलं, जिंकले मी.

आणि एक दिवस मी ठकीला टोचून आणायला गेले, परत येते तर काय? पेटाड नाही! त्याच्या जागी चपटं, रुपेरी, ताटाएवढं काहीतरी. आणि हे शेजारी हात बांधून उभे, जसं काही ह्यांनीच मुलाला जन्म दिलाय. ‘अगं, ऐक!’ मी म्हटलं, ‘काहीच ऐकू येत नाही.’ हे म्हणाले, ‘तेच तर! घरघर गेली! सेकंडहँड आहे, पण मुंगी चालली तर मुंगीचा आवाज येईल!’

मुंगीचं माहीत नाही. ठकीचा आला. त्या दिवसापासून जे भोकाड पसरलंय पोरीनं! मी मिक्सर लावला, नळ सोडून ठेवला, पंखा फिरवला, मी स्वतः तोंडानं घूं करून बघितलं... पोरीनं माझ्याकडं असं बघितलं की मलाच माझी लाज वाटली. सासूबाई म्हणाल्या, ‘आमच्या वेळी मुलं नुसती खाली ठेवली की झोपायची.’ मी म्हटलं, ‘मग तुमचा मुलगा अजून का झोपू देत नाही कुणाला?’ म्हणजे मनात म्हटलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, ‘झोपेल हो, मूल आहे, कधीतरी झोपेलच!’ अहो, कधीतरी म्हणजे कधी? शाळेत गेल्यावर? आणि काट्यावर ठेवलं तर वजन जिथल्या तिथं! झोप नाही, त्यामुळं दूध नाही, त्यामुळं वजन नाही... आणि मी अशी झालेली, की परवा बाटली ठकीच्या तोंडाला लावायच्या ऐवजी सासूबाईंच्या हातात दिली आणि ढेकर काढायला त्यांची पाठ थोपटायला लागले.

तेव्हा मी ठरवलं. पेटाड परत आणायचं. तेच!

ज्यानं ते नेलं तो बाजारात बसतो, मशीनी विकत घेतो, फोडून त्यांचे सुटे भाग विकतो, एखादं दुरुस्तही करून देतो. सगळे त्याला खाटीकच म्हणतात. पोचले तर हा दात कोरत बसलेला, आणि दात कशानं कोरतोय? स्क्रू ड्रायव्हरनं! शी! ‘ताई, ते तर काल उघडलं की!’ आणि समोर टेबलावर आमचं पेटाड... आतडी बाहेर, वायरी लोंबतायत, आत मेलेली झुरळं पाय वर करून. ह्या झुरळांच्या घरापासून हातभर अंतरावर माझी पोर झोपत होती! अंगावर असा काटा आला! तरी मी विचारलं, ‘भाऊ, ह्यातलं घूं कुठंय?’ तो म्हणाला, ‘काय?’ मी म्हटलं, ‘घूं! घूंऽऽऽऽ!’ तर तो दात कोरायचा थांबला आणि म्हणाला, ‘ताई, लोक ते काढायला येतात माझ्याकडं. तुम्ही न्यायला आलात?’

आता तुम्ही म्हणाल, दुसरं घ्या. कुठून घ्या? अहो, नवं मागवायचं तर बाहेरून येतं, आणि यंत्रापेक्षा त्यावरची जकात जड! त्यामुळं जे काही एकदा ह्या देशात आलंय तेच फिरतंय. आज ह्याच्याकडं, उद्या त्याच्या साडूकडं, परवा साडूच्या शेजाऱ्याकडं, आणि तेरवा पुन्हा ‘फारसं न वापरलेलं’ म्हणून जाहिरातीत. मी एका तपकिरी पेटीची जाहिरात तीन ठिकाणी बघितली, तिन्ही ठिकाणी गेले, तिन्ही ठिकाणी एकच पेटी! कोपऱ्यावर तोच ओरखडा, पाठीला तोच चिकटवलेला कागद! मी पायी यायच्या आत ती रिक्षानं पोचायची! आणि धंदा करणारे कितीसे? एकाला शिंक आली की बाकीचे रुमाल काढतात. मी खाटकाच्या दुकानातून घरी येईस्तोवर ह्यांना फोन आलेला, ‘तुमची बायको घरघर शोधतेय म्हणे, सगळं ठीक आहे ना?’ लपून काही करावं म्हटलं तर सोय नाही. देश एवढासा!

मग गेले साहेबांकडं. साहेब म्हणजे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आता घरातल्या एका खोलीत मशीनी मांडून बसलेत. विकायला हो, पण ‘विकतो’ म्हणायचं नाही. ‘योग्य हातात सोपवतो’ म्हणायचं. दारातच चप्पल काढायला लावली. मग माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, ‘खोली केवढी आहे तुमची?’ मी म्हटलं, ‘आम्ही मावतो.’ ‘पडदे जाड आहेत का?’ ‘आहेत.’ ‘मूल हात लावतं का वस्तूंना?’ अहो, तिला अजून स्वतःचं नाक सापडत नाही, ती तुमच्या वस्तूला काय हात लावणार! स्थळ बघायला आलेल्या लोकांनी एवढं विचारलं नव्हतं मला!

मग ती खुर्ची. प्रत्येकाकडं एक खुर्ची असते, बरं का! त्यात बसल्याशिवाय कुणी काही विकत नाही. ‘बसा. डोकं हलवू नका. डोळे मिटा.’ मांडीवर ठकी वळवळतेय आणि मी डोळे मिटून बसलेय, आणि त्या खुर्चीच्या पाठीला आजवरच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या डोक्याचं तेल! चिकट! उबदार! माझे केस त्याला चिकटले, तुम्हाला खोटं वाटेल, सुटताना असा चर्रकन आवाज आला! साहेबांनी गाणं लावलं. ‘काय ऐकू आलं?’ ‘गाणं.’ ‘ते नाही हो. गाण्याच्या मागं?’ मी म्हटलं, ‘मागं भिंत आहे.’ साहेबांनी असा सुस्कारा सोडला! म्हणाले, ‘मागं काहीच नाही. निःशब्द! हे यंत्र माझ्याकडं आलं तेव्हा घरघरत होतं. मी बरं केलं.’ मी म्हटलं, ‘अहो साहेब, कशाला केलंत? बरं न केलेलं एखादं आहे का?’ तर माणसाचा चेहरा असा झाला, जसं काही मी त्यांच्या घरात चूळ भरली! ‘बाई, माझ्याकडून बिघडलेली वस्तू गेलेली नाही आणि जाणार नाही!’

असं सगळीकडं! एक माणूस कबूल करेल तर शपथ! जो तो म्हणतो, ‘घरघर? छे! आमच्याकडं? छे!’ जगात सगळ्यांना बिघडलेलं गळ्यात मारतात, आणि मी पदर पसरून बिघडलेलं मागतेय तर कुणाकडं नाही!

शेवटी खाटकालाच दया आली. म्हणाला, ‘ताई, तुम्ही जळमटभाऊकडं जा. त्याच्याकडचं एकूणएक मशीन घूं करतं.’ असं म्हणाला आणि तोंड फिरवून हसला. मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण झोप न झालेल्या बाईला काय समजणार!

आता जळमटभाऊ म्हणजे तो हात धुवायला सांगणारा. एका पडक्या इमारतीचं तळघर, जिन्यात ओल, ओलीला बुरशी, बुरशीला वास. मी नाकाला पदर, ठकीच्या नाकाला रुमाल, अशी उतरतेय, आणि शेवटच्या पायरीवर... घूंऽऽऽऽऽ!

अहो, तेच! अगदी तेच! ठकीचं भोकाड अर्ध्यात थांबलं. डोळे जड झाले. मान खांद्यावर पडली. माझ्या डोळ्यांतून टपाटप पाणी... आणि हा माणूस ताडकन उठला. ‘माफ करा वहिनी! आत्ता घालवतो आवाज!’ आणि खटकन प्लग ओढला! ठकी अशी किंचाळली की वरची दोन जळमटं सुटून माझ्या डोक्यावर पडली! केसांत! जिवंत कोळ्यासकट!

मी म्हटलं, ‘लावा! तो प्लग परत लावा! आणि हे मशीन असंच बांधून द्या मला!’

‘असं कसं देऊ? बिघडलंय ते!’

‘बिघडलेलंच हवंय!’

‘वहिनी, गरीब माणूस आहे म्हणून थट्टा करताय होय? मी बिघडलेलं मशीन बाईमाणसाच्या गळ्यात मारलं असं कळलं तर कोण उभं करेल मला? देश केवढासा आपला!’ घ्या! माझंच वाक्य माझ्या तोंडावर!

आणि बसला की हो मशीन उघडून! ह्या वायरीला डाग दे, तो भाग बदल, हे पूस, ते ठोक. मी म्हणतेय, ‘नका हो नीट करू, पाया पडते!’ आणि तो कपाळावरचा घाम त्याच फडक्यानं पुसतोय ज्यानं मशीन पुसतोय. प्लग लावला. घूंऽऽऽऽ! ठकी झोपली. प्लग काढला. ठकी उठली. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं, घूंऽऽऽऽ! पोरीला काय वाटलं असेल? शेवटी तो डोकं धरून खाली बसला. म्हणाला, ‘माझ्या हातालाच गुण नाही, वहिनी. आयुष्य गेलं, एकाही मशीनची घरघर मला काढता आली नाही. भंगाराच्या भावात द्यावी लागतात. साहेब घेतात, खाटीक घेतो. त्यांचा हात बघा! नुसतं घरी नेलं की आवाज बंद! देवमाणसं!’

मला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त, पोरीचं वजन दिसत होतं डोळ्यांपुढं. मी पैसे ठेवले, मशीन उचललं, रिक्षात घातलं. घरी आले, ओल्या फडक्यानं पुसलं, कोरड्या फडक्यानं पुसलं, कापसाचे बोळे करून फटी कोरल्या... काय काय निघालं ते सांगत नाही, तुम्ही जेवून आला असाल. ठकीला पाळण्यात घातलं. प्लग लावला. बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही! लाल दिवा लागलाय, गाणं वाजतंय, आणि मागं... काही नाही! निःशब्द! ठकीनं श्वास घेतला, छाती भरून घेतला, आणि सुरू! तेवढ्यात हे आले. दारातच थबकले. ‘अगं... हे... कुठून आणलंस? मागं काहीच ऐकू येत नाही!’ मी म्हटलं, ‘पोर रडतेय ती ऐकू येतेय का?’ हे म्हणाले, ‘तिच्याही मागं काही ऐकू येत नाही!’ आणि जो माणूस लग्नात माझ्याकडं बघून एवढा खूश झाला नव्हता, तो मशीनला मिठी मारून बसला.

तसंच हिसकावलं, ठकीला कडेवर घेतलं! ‘अगं, अगं!’ करत हे गल्लीच्या टोकापर्यंत आले मागं. तळघरात उतरले, मशीन आदळलं, म्हटलं, ‘भाऊ, घूं काढून घेतलंत ना? फसवलंत ना मला?’ तो बिचारा गोंधळलेला. त्यानं प्लग लावला. घूंऽऽऽऽ! ठकी झोपली!

आणि कोपऱ्यात खाटीक. तो आला होता त्या दिवशी, नेहमीसारखा ‘बिघडलेलं’ स्वस्तात उचलायला. तो फिस्सकन हसला. मी त्याला जिन्यात गाठलं. म्हणाला, ‘ताई, सांगू नका हं त्याला. आवाज मशीनमधे नाही. भिंतीत आहे. त्या खोलीची वायरिंगच तशी, अर्थिंगचा पत्ता नाही. इथं काहीही लावा, घूं करणारच. बाहेर नेलं की गप.’ मी म्हटलं, ‘साहेबांना माहितीये?’ ‘साहेबांनीच तर मला सांगितलं!’

शी! तुम्हाला सांगते, झुरळं बघितली, बुरशी बघितली, ती तेलकट खुर्ची बघितली, पण एवढी किळस मला कशाची आली नाही. एक माणूस वर्षानुवर्षं भिंतीचा दोष स्वतःच्या हाताला लावून घेतोय, आणि हे दोघं ‘बरं केलं, बरं केलं’ म्हणून मिरवतायत!

गेले आत आणि सांगितलं. सगळं. माहीत होतं मला, हा उद्या वायरमन बोलावणार आणि माझ्या पोरीची झोप भिंतीतून उपटून नेणार. तरी सांगितलं. त्यानं उठून भिंतीला कान लावला. मग म्हणाला, ‘म्हणजे... मशीनी नीट होत्या?’ मी म्हटलं, ‘होत्या.’ ‘सगळ्या?’ ‘सगळ्या.’ त्यानं ते कळकट फडकं डोळ्यांना लावलं, आणि मी, जी मी... मी काही बोलले नाही. डोळ्यांना तेवढं चालतं.

वायरमन आला, खोली नवी झाली. पण एक प्लग भाऊनं तसाच ठेवलाय. कोपऱ्यातला. ‘हा ठकीचा,’ म्हणाला. मी वायरमनला पुन्हा पुन्हा विचारलं, ‘धोका नाही ना?’ तो म्हणाला, ‘आतले उघडे जोड बांधून दिलेत, बाई. आता नुसता आवाज.’ तरी मी रबरी चप्पल घालूनच बसते. ते मशीन आमचे हे घेऊन गेले, त्याच्या जागी जळमटभाऊनं दुसरं लावलंय. रोज दुपारी मी तिथं. पोर झोपते, दूध पिते, काटा सरकलाय! आणि झाडू घेऊन गेले होते हो एकदा, पण हात उचलेना. जळमटं काढली आणि आवाज बदलला तर? कुणाला विचारणार? दुसरं तळघर शोधायचं तर कुठं? देश एवढासा! तेव्हा आहे ती घाण आहे तशी ठेवलीय. कुणी फुंकर मारली तरी मी ओरडते.

आणि काल दुपारी साहेब आले. धंदा बसलाय ना त्यांचा, आता बिघडलेलं काही मिळतच नाही स्वस्तात! कोपऱ्यातलं घूं ऐकलं आणि डोळे चमकले. ‘हे बिघडलेलं दिसतंय. ऐकून बघू का?’ बघा म्हटलं. बसले खुर्चीत. डोकं हलवलं नाही. डोळे मिटले. घूंऽऽऽऽ... आणि तोंड उघडं पडलं की हो! गाढ! मग त्यांच्या मागोमाग येऊन दाराशी पोत्यावर बसलेला खाटीक पेंगला. जळमटभाऊनं टेबलावर डोकं टेकलं. देशातला अख्खा सेकंडहँड बाजार त्या एका खोलीत घोरतोय!

मी ठकीच्या नाकाशी बोट धरून बघितलं. श्वास चालू. मग जिवाला चैन पडेना, म्हणून साहेबांच्याही नाकाशी धरलं. चालू. खाटकाच्या धरलं, चालू. भाऊच्या धरलं, चालू. आणि भिंतीला टेकले, डोळे मिटायला लागले... पण मिटू कशी? माझ्या नाकाशी बोट धरायला कुणी जागं तर पाहिजे!